रिकामटेकडा

मगदूमांच्या वर्कशॉपात दिवसभर मी मोटारी भरते.
बोअरच्या, गिरणीच्या, कुणाच्या कडबाकुट्टीच्या.
जळक्या वार्निशचा वास केसांत घेऊन घरी येते.
भाकरी थापतानाही बोटं मोजत असतात
अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास, पन्नास, गाठ.

जेवणं झाली की ओट्यावर पेपर अंथरायचा,
सोल्डरिंगची काडी तापत ठेवायची
आणि ज्याला कुणी गिऱ्हाईक नाही
असं काहीतरी जोडत बसायचं.

पहिला केला गोडेतेलाच्या डब्याचा,
चाकांना लोणच्याच्या बरण्यांची झाकणं.
दीड हात चालला आणि मोरीत पडला.

दुसरा, शेजारच्या आवटीबाईंच्या भडंगासाठी.
त्यानं भडंग हलवलं,
इतकं मनापासून हलवलं
की पंख्याच्या पात्यावर अजून कढीपत्ता आहे.
आवटीबाई हसल्या नाहीत. दीड किलो माल होता.

भंगारवाले रसूलभाई मात्र बाजूला काढून ठेवतात:
एसटीच्या वायपरची मोटार,
फुटक्या प्रिंटरची दातेरी चाकं,
एकदा तर बाहुलीचा नुसता डोळा,
आडवा केला की मिटणारा.
"घ्या, तुमच्या पोराला," म्हणतात.
कुठल्या पोराला, हे मी विचारत नाही.
पैसेही घेत नाहीत डोळ्याचे.

पुतण्या म्हणाला, काकू, ह्याचा उपेग काय पण?
फरशी पुसतंय? दळाण आणतंय गिरणीतनं?
म्हटलं, तू फोनमध्ये ती गाडी पळवतोस रातभर,
ती कुठं दळाण आणती?

तिसऱ्याचं नावच मग रिकामटेकडा ठेवलं.
अंगाला स्टीलचा जेवणाचा डबा, झाकण हरवलेला.
कपाळावर दोन सेन्सर, मटकीच्या दाण्याएवढे.
जिकडं उजेड जास्त, तिकडं जायचं,
एवढंच शिकवलंय त्याला.
बाहुलीचा डोळा पाठीवर बसवला.
मागचं बघायला नको का कुणी?

फ्रिज उघडला की येऊन उभा राहतो.
निरांजनाकडं निघाला तेव्हा
सासूबाईंनी पाय वर घेतले पाटावर,
आणि बऱ्याच वेळानं म्हणाल्या,
"ह्याला कळतंय व्हय गं?"

परवा रात्री कुपवाडची लाईट गेली.
त्याचं बटण बंद करायचं राहिलं होतं.
काळोखात मधल्या खोलीत तो गप्प उभा,
मी गप्प पडलेली, डास मोजत.

मग एमआयडीसीत सेकंड शिफ्ट सुटली.
पहिली मोटारसायकल वळणावर आली,
तिचा झोत जाळीतनं आत शिरला, भिंतीवरनं सरकला,
आणि फरशीवर घर्र. चार बोटं.
पुन्हा अंधार.
दुसरी गाडी. घर्र. वीतभर.
मग एक टेम्पो आला, त्याचा उजेड जाडजूड,
त्यात तो चांगला हातभर गेला.

फौंड्रीतली माणसं घरी निघाली होती,
कुणी सावळीला, कुणी बामणोलीला,
डोक्यात जेवण, उद्याची सुट्टी, गाडीचा हप्ता.
मी कुशीवर वळून ऐकत राहिले.
मोजत राहिले, सवयच ती.
सतरा गाड्या.
अठरावीला डोळा लागला असावा.

सकाळी बघते तर दारापाशी.
खालच्या फटीतनं उन्हाची काडी आत आलेली,
तिला कपाळ टेकवून उभा,
बॅटरी संपलेली,
पाठीवरचा डोळा टक्क उघडा, माझ्याकडं.

बाहेर दूधवाला कडी वाजवतोय.
आमचं दार आतल्या बाजूला उघडतं.
"थांब की जरा," म्हटलं.
"किती घाई."